चि. ओंकारला, पहिला पीसी असेंबल करण्याआधी

वसमत

चि. ओंकार यास,


तू पाठवलेलं कोटेशन नीट वाचलं. १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरला लिक्विड कूलिंग, काचेचं कॅबिनेट, त्यात रंगीत लाईटचे पंखे, आणि शेवटच्या ओळीत नुसतं ‘२२ इंच एलईडी मॉनिटर’. पॅनेल कोणतं, रंग किती दाखवतं, काहीच नाही. यूपीएसचं तर नावच नाही. हे गेम खेळणाऱ्या पोराचं कोटेशन आहे. तू कळमनुरीत लग्नाच्या ऑर्डरी घेणार आहेस. तेव्हा आधी काम समोर मांड आणि त्याला काय लागतं ते बघून पार्ट्स घे.

पैसा सगळ्यात आधी मॉनिटरवर लाव. आपल्याकडे अर्ध्या फोटोंत हळद असते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण फोटोत पकडायला हा रंग फार अवघड. नवरीचा चेहरा, दंड, कपडे, वरचा मांडव, सगळं पिवळं, आणि त्यावर दुपारचं ऊन. अशा फोटोत लाल आणि हिरवा हे दोन्ही चॅनेल पार वरच्या टोकाला जाऊन बसतात आणि गालावरची हळदीची बोटं दिसेनाशी होतात, नुसता सपाट पिवळा डाग उरतो. साध्या टीएन पॅनेलवर तर मान थोडी वर-खाली झाली तरी रंग बदलतो. त्यावर बघून तू चेहरा सावरलास, तर लॅबमधून नवरी नारिंगी होऊन येते. म्हणून आयपीएस पॅनेल, १०० टक्के एसआरजीबी, २७ इंच, २५६० बाय १४४० एवढं दुकानदाराकडून मॉडेल नंबरासकट लिहून घे. बहुतेक लॅब एसआरजीबीच्याच जेपीजी मागतात, त्यामुळे त्याहून महागाचं पॅनेल आज तुला नको.

नवा मॉनिटर आला की त्याची ब्राइटनेस खाली आण. कंपनीतून तो शोरूममध्ये उठून दिसावा इतका भगभगीत येतो. त्यावर बरोबर दिसलेला फोटो अल्बममध्ये काळपट छापला जातो, आणि गिऱ्हाईक बोल लावतं तुझ्या कॅमेऱ्याला. १०० ते १२० निट्सच्या आसपास ठेव. कॅलिब्रेटर एकट्याने घेणं जड जात असेल तर तुम्ही तीन-चार स्टुडिओवाले मिळून एक घ्या. महिन्यातून एकदाच तर लागतो. आणि स्टुडिओची ती गुलाबी भिंत, निदान मॉनिटरच्या मागची तरी, फिकट राखाडी करून घे. डोळा भिंतीचा रंग धरतो आणि तो चेहऱ्यातून वजा करत बसतो.

आता रॅम. आपला करिझ्मा अल्बम १२ बाय ३६ इंचाचा. ३०० डीपीआयला एक शीट म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल, जवळजवळ ३ कोटी ८९ लाख. आठ बिटमध्ये नुसता एक थर सुमारे ११७ एमबी होतो, सोळा बिटमध्ये त्याच्या दुप्पट. त्यावर पार्श्वभूमी, सहा-सात फोटो, त्यांचे मास्क, सावल्या, अक्षरं असं रचत गेलास की एकच फाइल दोन-तीन जीबी खाते. शेजारी लाइटरूम उघडं, ब्राउझर उघडा. १६ जीबीत हे भागत नाही, ३२ घे. तेही १६-१६ च्या दोन काड्या, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळतो. बोर्डवर चार जागा असल्या तरी डीडीआर-५ च्या चार काड्या लावल्या की वेग उतरतो, म्हणून ८-८ च्या चार घ्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. मेमरी बनवणारे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलेत, त्याचा चटका कळमनुरीपर्यंत येतोय. तरी कात्री रॅमला लावू नकोस, लिक्विड कूलिंगला आणि रंगीत लाईटांना लाव. हवेवर चालणारा चांगला कूलर तुझ्या प्रोसेसरला पुरून उरतो.

प्रोसेसरबद्दल फार लिहीत नाही. चालू पिढीतला मधल्या फळीचा, रायझन ७ किंवा कोअर अल्ट्रा ७, कोणताही चालेल. फक्त दोन गोष्टी बघ. जुन्या चौथ्या पिढीचा चिप नव्या स्वस्त बोर्डवर बसवून ‘आय-सेव्हन’ म्हणून विकणारे पुष्कळ आहेत. तो चिप २०१३ चा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेलला धरत नाही. दुसरी गोष्ट, इंटेल घेतलास तर नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला नको. थोडे पैसे वाचतात, पण त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. तू आज ना उद्या व्हिडिओही करणार. नव्या कॅमेऱ्यांची १० बिट, ४:२:२, एच.२६५ फाइल इंटेलच्या त्या अंगच्या ग्राफिक्सवर सुरळीत चालते. एनव्हीडियाच्या कार्डांत ही सोय २०२५ च्या ५० मालिकेपासून आली, त्याआधीच्या महागड्या कार्डावरही टाइमलाइन अडखळते.

कार्ड नकोच असं मी म्हणत नाही. रात्रीच्या वरातीचे फोटो ६४०० आयएसओला निघतात. लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ ला आलेला एआय डिनॉइझ अशा फोटोंना जीवदान देतो, आणि तो सगळा भार कार्डावर टाकतो. बऱ्या कार्डावर एक फोटो काही सेकंदांत होतो, कार्डाविना मिनिटं मोजत बसावं लागतं. पण त्यासाठी ८ जीबीचं मधलं कार्ड पुरे. क्रिप्टोच्या खाणकामात वापरलेलं सेकंडहँड कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नकोस.

लाईटचा विषय आता. तुझ्याकडे इन्व्हर्टर आहे हे मला माहीत आहे. पण लाईट गेल्यावर इन्व्हर्टरला चालू व्हायला जो क्षण लागतो, तेवढा पीसीचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बऱ्याचदा तग धरत नाही. त्यात चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असला तर चांगला एसएमपीएस आणखीच कुरकुरतो. म्हणून पीसीला वेगळा यूपीएस हवा. दुकानदार ६०० व्हीएचा देतील. त्याचे खरे वॅट ३६० च्या आसपास, आणि कार्ड-प्रोसेसर-मॉनिटर कामाला लागले की तीनशेच्या पुढे जातात. १००० व्हीएच्या वरचा घे. तो तास-दोन तास काम करायला नसतो, फाइल सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरता असतो. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस शिक्क्याचा, ६५० वॅटचा. कोटेशनमधला बिननावी ४५० वॅटचा काढून टाक, तो जाताना शेजारच्यांना घेऊन जातो.

अर्थिंगही आत्ताच तपास. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाहीच असं समज. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोज. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर वायरमनला बोलाव. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत राहावं लागतं, लगीनसराईत हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, आणि त्याच सुमारास गावोगाव हळद पॉलिश होत असते. ती पिवळी धूळ पंख्यांतून आत जाऊन हीटसिंकच्या फटींत घट्ट बसते. कॅबिनेट पुढून जाळीचं आणि धुळीची गाळणी काढून धुता येईल असं घे. काचेची पुढची बाजू हवा अडवते. खोलीतला वाळ्याचा कूलर कॅबिनेटच्या तोंडावर लावू नकोस. त्याची ओल बोर्डावर साचते आणि दोन उन्हाळ्यांत स्लॉट गंजतात.

सगळ्यात मोठी गोष्ट साठवणीची. माझ्याकडे आजही लोक येतात, वडील गेले, त्यांच्या लग्नाची निगेटिव्ह आहे का म्हणून विचारतात. पाकिटावरचं साल वाचून मी काढून देतो. निगेटिव्ह नुसत्या कपाटात पडून तीस-चाळीस वर्षं टिकली. हार्ड डिस्क मात्र आदल्या रात्री चालत असते आणि सकाळी टकटक आवाज करते, मग त्या घरचा तो दिवस कायमचा गेला. दोन कॅमेऱ्यांवर ४००० फोटो, एकेक रॉ ३० एमबीच्या आसपास, म्हणजे एका लग्नाचे १२० जीबी. वीस लग्नांत २.४ टीबी, व्हिडिओ वेगळा. तेव्हा १ टीबीच्या दोन एनव्हीएमई एसएसडी, एकीवर विंडोज, सॉफ्टवेअर आणि लाइटरूमचा कॅटलॉग, दुसरीवर चालू काम. त्यांच्या जोडीला ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. एक कॅबिनेटात, दुसरी घरी ताईच्या कपाटात, स्टुडिओत मुळीच नाही. दोन्हींवर प्रत गेल्याखेरीज कॅमेऱ्यातलं कार्ड फॉरमॅट करायचं नाही, नवरदेवाचा बाप कितीही घाई करो.

खरेदी नांदेडला कर किंवा काचीगुड्याची गाडी धरून हैदराबादला जा, पण भाव विचारण्याआधी ‘वॉरंटीला पार्ट कुठे द्यायचा आणि किती दिवसांत येतो’ हे विचार. पक्कं बिल घे, त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घे. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला, सुटा नको. पायरेटेड फोटोशॉप ‘फुकट टाकून देतो’ म्हणाले तर नाही म्हण. लोकांच्या लेकी-सुनांचे फोटो त्या मशीनवर असणार आहेत आणि अशा कॉपीतून काय काय आत शिरतं याचा भरवसा नाही. अडोबीच्या फोटोग्राफी प्लॅनचा महिन्याचा खर्च पहिल्या ऑर्डरीपासूनच हिशेबात धर.

यातलं काही बजेटबाहेर गेलं तर कार्ड सहा महिन्यांनी घे, तोवर डिनॉइझ रात्री लावून झोप. मॉनिटर, यूपीएस आणि दुसरी हार्ड डिस्क मात्र पहिल्याच दिवशी हवी. एवढं माझं ऐक.

दाजींना सांग, रविवारी मी मल्टिमीटर घेऊन येतोय, वायरमनला दुपारनंतर बोलवून ठेवा. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा