पीआरआय लाईन आणि घड्याळाची मेख

पेढीत पीआरआय लाईन घेतली की ती ईपीएबीएक्सच्या ई-१ कार्डाला जोडतात. या लाईनीचा वेग सेकंदाला २०४८ किलोबिट, कप्पे ३२. शून्याचा कप्पा ताळमेळाचा, सोळावा नंबर व घंटीच्या निरोपांचा, उरलेल्या ३० वर बोलणी.

कार्डाचे सेटिंग टेलिफोन कंपनीच्या टोकाशी जुळलेच पाहिजे. लाईन कोड एचडीबी-३. सीआरसी-४ चालू की बंद, हे कंपनीलाच विचारावे. अमेरिकेतून आलेले कार्ड २४ कप्प्यांच्या टी-१ वर लावलेले असू शकते, तेही पाहावे.

खरी मेख घड्याळात आहे. आमच्या पेढीत बोलणे ठीक चाले, फॅक्स मात्र अर्ध्यावर तुटे. एका ऑर्डरीचे रंगांचे पान आलेच नाही, माल चुकीचा रंगला. मेकॅनिक तारा बदलत बसला! दोष होता तो कार्ड स्वतःच्या घड्याळावर चालत होते, हा. दोन गजांत सुताभर फरक असला तर तागा संपेपर्यंत कापड कमी-जास्त भरते, तसेच हे. त्याला स्लिप म्हणतात. घड्याळ नेहमी लाईनीवरून घ्यावे. दोन लाईनी असल्यास पहिली कोणती, दुसरी कोणती ते ठरवून द्यावे. मग स्लिपचा आकडा शून्यावर आणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा. तो वाढला असेल तर मेकॅनिकचे बिल चुकवू नये.