टँकरच्या पाठीवरचं १२०३

प्रश्न : महामार्गाला लागून माझं पंक्चरचं दुकान आहे. पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर ‘१२०३’ आणि ‘३ वाय ई’ असं रोज दिसतं. दोघा ड्रायव्हरांना विचारलं, तर ‘पासिंगला लागतं’ एवढंच म्हणाले. हे नेमकं काय असतं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पासिंगला लागतं हे खरंच. पण टँकर उलटला तर तिथे सगळ्यांत आधी पोचणाऱ्याला, म्हणजे कदाचित तुम्हालाच, ते वाचता यायला हवं.

१२०३ म्हणजे पेट्रोल. घातक मालाचे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले हे चार आकडी क्रमांक जगभर तेच असतात. डिझेल १२०२, स्वयंपाकाचा गॅस १०७५, क्लोरीन १०१७.

‘३ वाय ई’ ही हॅझकेम खूण, मूळची लंडनच्या अग्निशमन दलाची. ३ म्हणजे आग फेसाने विझवा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे नुसत्या पाण्याचा झोत मारला तर ते पाण्यावर तरंगत जातं आणि आगही सोबत नेतं. ‘वाय’ म्हणजे सांडलेला माल गटारात, ओढ्यात जाऊ देऊ नका. आगीशी झुंजणाऱ्याने श्वसनयंत्र लावावं. आणि ‘ई’ म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा.

आपल्याकडे नेमकं उलट होतं. टँकर कलंडला की लोक कॅन, बादल्या घेऊन धावतात. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती खोलगट जागी साचते आणि डोळ्यांना दिसत नाही. एक ठिणगी पुरते. त्या गर्दीत लहान पोरंही असतात, याने जीव तुटतो.

टँकरवरची ही आकड्यांची पाटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार सक्तीची आहे. ती दोन्ही बाजूंना आणि मागे हवी. तिच्यावर मालाचं नाव आणि अपघातात कळवायचा फोन नंबरही हवा. त्याच वर्षी, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, घातक रसायनं बनवणाऱ्या आणि साठवणाऱ्यांसाठी वेगळे नियम आले. त्यांत मोठ्या साठ्याच्या कारखान्याने शेजारच्या वस्तीला धोका आणि बचावाचे उपाय आधीच सांगायचे आहेत. या कायद्यामागे भोपाळची वायुगळती आहे. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री दवाखान्यांतल्या डॉक्टरांनाही समोरचा माणूस कोणत्या वायूने गुदमरतोय हे धड कळलेलं नव्हतं. मला या पाटीचं मोल वाटतं ते त्यामुळेच.

अपघात दिसला तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब जा, मगच ११२ वर फोन करून तो आकडा सांगा. तुमच्या दुकानाशी थांबलेल्या टँकरची पाटी चिखलाने माखलेली असेल, तर ड्रायव्हरला पुसायला लावा. टँकर रिकामा आहे म्हणाला तरीही. आत वाफ उरलेली असते, म्हणून तुमचं वेल्डिंगही त्याच्यापासून दूरच ठेवा.