कॅसेटमधलं लग्न डीव्हीडीवर नेताना

नात्यातल्या आणि ओळखीतल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट आणि मिनीडीव्ही टेप संगणकात घेऊन त्यांच्या डीव्हीडी करून देण्याचं काम मी बरीच वर्षं आवडीने करते आहे. लग्नं, मुंजी, बारशी, कुणाची साठीशांत, कुणाचं सहस्रचंद्रदर्शन. या कामाने मला जे शिकवलं ते इथे मांडते. तुमच्या कपाटातल्या कॅसेट वेगळ्या, तेव्हा तुमचे धडेही थोडे वेगळे निघतील.

१. चित्र सुधारत नाही, राखावं लागतं. संगणकात घातलं की जुनं चित्र उजळून निघेल, असं सगळ्यांनाच वाटतं. पण व्हीएचएसची आडवी स्पष्टता मुळातच साधारण २४० ओळींची. टेपवर जे कधी उतरलंच नाही, ते कुठलं सॉफ्टवेअर आणणार? म्हणून निम्मं काम कॅप्चरच्या, म्हणजे टेप संगणकात घेण्याच्या, आधीच होतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत टेपला पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट मशीनमध्ये घातली, तर ती घाण हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. त्यामुळे आधी कॅसेटच्या खिडकीतून टेपची कड बघायची, हेड साफ करायचं. मशीनला एस-व्हिडिओची सोय असेल, तर पिवळ्या पिनेऐवजी ती वापरायची. तिच्यात रंग आणि उजेड वेगवेगळ्या तारांतून येतात.

२. कॉम्प्रेस एकदाच करावं, तेही अगदी शेवटी. डीव्हीडीला एमपेग-२ लागतं आणि ते करताना तपशील जातोच. कॅप्चर करतानाच एमपेग केलं आणि मग काटछाट करून, रंग सुधारून पुन्हा एमपेग केलं, तर तोटा दोनदा होतो. मिनीडीव्ही फायरवायरने घेतली की टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो, तासाला सुमारे १३ जीबी. व्हीएचएस मी हफवाययूव्हीसारख्या, काहीही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये घेते. त्याला तासाला तीस जीबीच्या आसपास जागा लागते. एवढी मोठी फाईल बघून छाती दडपते खरी, पण हार्ड डिस्क पुन्हा रिकामी करता येते. गेलेला तपशील परत येत नाही.

३. डीव्हीडीवरची जागा म्हणजे ठरलेला पगार. साध्या डिस्कवर ४.७ जीबी. दोन तासांचं लग्न बसवायचं, तर सेकंदाला सरासरी सुमारे ५ मेगाबिट हाती येतात, आणि आवाजही त्यातच भागवायचा. कुठे हात आखडायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे मला अक्षतांनी शिकवलं. भटजींचं निवांत पौरोहित्य चालू असतं, कॅमेरा स्थिर असतो, तिथे थोडक्यात भागतं. मंगलाष्टकाचं एक कडवं संपतं आणि शेकडो दाणे एकाच वेळी हवेत उडतात. प्रत्येकाची दिशा निराळी. एमपेग आधीच्या फ्रेमवरून पुढची ओळखतं, आणि इथे ओळखण्यासारखं काही उरतच नाही. बिटरेट एकसारखा ठेवला, तर नेमक्या त्या क्षणी नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात. दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग म्हणूनच हवं: पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळं लग्न पाहून घेतं, दुसऱ्या फेरीत शिल्लक गरज असेल तिथे खर्च करतं.

४. कधी कधी कमी पिक्सेलच चांगलं चित्र देतात. हे मला खरंच चकित करून गेलं. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत डीव्हीडीचं पूर्ण चित्र ७२० × ५७६ पिक्सेलचं. पण ३५२ × ५७६ सुद्धा नियमात बसतं. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील एवढाच असल्यामुळे फारसं काही हरवत नाही आणि प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला जास्त बिट येतात. तीन तासांची कॅसेट एकाच डिस्कवर बसवायची असेल, तर मी हाच मार्ग धरते.

५. टीव्हीसाठीचं काम टीव्हीवरच तपासावं. पॅलमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची; यालाच इंटरलेस म्हणतात. संगणकावर हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दाते दिसतात आणि ते पुसून टाकायचा मोह होतो. पुसले की हालचालीचा निम्मा गुळगुळीतपणा जातो. डीव्हीडीला इंटरलेस चित्र चालतं, तेव्हा ते तसंच ठेवावं. फक्त फील्डचा क्रम जपावा: डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं, अनेक कॅप्चर कार्डांत वरचं. क्रम उलटला, तर वरातीत नाचणारी मंडळी जागच्या जागी थरथरतात. मी दोन मिनिटांचा तुकडा पुसता येणाऱ्या डिस्कवर घालते आणि टीव्हीवर बघते. मगच रात्रभराच्या एन्कोडिंगला संगणक बसवते.

६. शेवटच्या पायरीवर सावध असावं. मेन्यू बनवणारी काही सॉफ्टवेअर न विचारता सगळं पुन्हा एन्कोड करतात. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं: आवाज ४८ किलोहर्ट्झचा नसतो, किंवा बिटरेट मर्यादेपलीकडे गेलेला असतो. काही हँडीकॅम आवाज ३२ किलोहर्ट्झवर घेतात, तो आधीच बदलून द्यावा. दोन तासांचं काम दहा-पंधरा मिनिटांत तयार झालं, तर चित्राला हात लागलेला नाही असं समजते आणि समाधानाने डिस्क बर्न करते.

७. डिस्क ही प्रत, ठेवा म्हणजे कॅप्चर. घरी बर्न केलेल्या डिस्कमधला रंगथर उन्हाने, उष्णतेने खराब होतो, आणि आता डीव्हीडी प्लेअरही घराघरांतून नाहीसे होत चालले आहेत. म्हणून मूळ फाईल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवते; उद्या कुठलाही फॉरमॅट आला, तरी तिथूनच नवी प्रत निघेल. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. चालू मशीन आता कमीच होत जाणार. त्यामुळे कुणी कॅसेटचा गठ्ठा घेऊन आलं, की मी आधी विचारते: यातल्या कुठल्या टेपवर आता हयात नसलेल्या माणसाचा आवाज आहे? ती पहिली कॅप्चर करायची. डीव्हीडी कशी करायची, ते निवांत ठरवता येतं.