वकिलीच का, असं विचारतील तेव्हा

अगं, तुझा अर्ज वाचला. भाषा छान आहे, पण ती पहिलीच ओळ, 'लहानपणापासून मला अन्यायाची चीड आहे', ती आधी काढून टाक. चीड खरी असेल गं, पण फोर्टातल्या ज्या फर्मला तू लिहितेयस, तिथे दिवसभर जमिनींचं टायटल तपासतात. तीस वर्षांचा सर्च काढायचा, इंडेक्स टूच्या नोंदी जुळवायच्या. तुझ्या चिडीचं ते काय करणार?

आणि तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे की! आजोळच्या जमिनीचे फेरफार उपसत कोण बसलं होतं? सातबाऱ्यावर आईचं नाव का नाही, हे मामाला तोंडावर तूच विचारलंस. 'आजोबा 2005 च्या आधीच गेले, मुलींना कसला हिस्सा?' असं त्याने ठोकून दिलं. तू 2020 चा विनीता शर्मा निकाल काढलास : वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानेच, वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही. पण मला कौतुक वाटलं ते पुढचं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर्ड वाटणीपत्र झालंय का, तेही तू शोधलंस. झालं असतं तर आपलीच बाजू पडली असती, तरी शोधलंस. (मामी अजून फुगलेली आहे, ते सोड.)

हेच लिही. चार-पाच ओळींत, रडगाणं न करता, मामाचं नाव न घेता. आपल्या विरुद्ध जाणारा कागद आधी शोधायची सवय लागली आणि त्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही, म्हणून टायटलचं काम हवंय, एवढं पुरे.

सनद, मूट कोर्ट वगैरे बायोडेटात आहेच, पत्रात पुन्हा नको. आणि हाच मजकूर वरचं नाव बदलून एखाद्या सीनिअरच्या चेंबरला धाडू नकोस. तिथे तारखांमागे धावायचंय, कोर्टात उभं राहायचंय. त्यासाठी मामाशी घातलेला वाद जास्त कामाचा. पगाराचं कारण पत्रात नको, पण मुलाखतीत कोणी विचारलं तर लाजूही नकोस.

रविवारपर्यंत नवा मसुदा पाठव. त्यात 'न्यायदेवता' दिसली तर मी पुढे वाचणार नाही हं.