किलाकोट कागदात उतरवताना

प्रश्न : आम्ही उज्जैनला फ्रीगंजात राहतो. कुटुंब मराठी, पण तीन पिढ्या इथेच गेल्यामुळे पितृपक्षात आमच्याकडे संजा मांडतात. फ्लॅटच्या भिंतीला शेण लावता येत नाही, म्हणून मुलाने घरगुती कटिंग मशीन आणलं आणि नातीसाठी कागदाची संजा कापायला घेतली. पतंगी कागद फाटला. जाड कागद अर्धाच कापला गेला. किलाकोटातले चंद्र-सूर्य सुटून पडले. वर ‘संजाबाई’ लिहायचं होतं, तर शिरोरेषेचे तुकडे झाले. यंत्र चांगलं महागाचं आहे, मग बिघडतंय कुठे? सासूबाई म्हणतात, यंत्राने कापलेली संजा ही संजाच नव्हे. त्यावरही दोन शब्द लिहा.

उत्तर : यंत्रात बिघाड नाही. तुमच्या चार तक्रारींपैकी कापण्याची तक्रार एकच, जाड कागदाची. उरलेल्या तिन्ही धरून ठेवण्याच्या आहेत. पतंगी कागदाला मॅटने, म्हणजे कागदाखालच्या चिकट पाटीने, गरजेपेक्षा जास्त धरलं, चंद्र-सूर्याला कोणीच धरलं नाही आणि अक्षरं शिरोरेषेने एकत्र धरलेली असतात हे यंत्राला कोणी सांगितलं नाही. रेघ दिसली की तिच्यावरून पातं ओढायचं, एवढंच त्याला ठाऊक. कापल्यावर काय उरणार, ते कशाच्या आधाराने उरणार, हे आधी कागद-पेन्सिल घेऊन आपण ठरवायचं असतं. क्रिकट असो, सिल्हूट असो की ब्रदर, या बाबतीत सगळी सारखीच.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत माळव्यातल्या मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची आकृती काढून ती फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात, आरती करतात, गाणी म्हणतात. खानदेशातली गुलाबाई, विदर्भातली भुलाबाई आणि आपला भोंडला यांच्या गोतावळ्यातलाच हा प्रकार. रोजची आकृती वेगळी : पाटला, पंखा, चौपड, आठ पाकळ्यांचं फूल, डोकरा-डोकरी. शेवटच्या दिवसांत मोठा किलाकोट उभा राहतो. चारी बाजूंनी तटबंदी आणि आत चंद्र, सूर्य, शिडी, गाडी, जाडी जसोदा, पतली पेमा अशी सगळी वस्ती. उज्जैन-इंदूरच्या बाजारात छापील कागदी संजाही मिळते, म्हणजे कागदाचं पाऊल तुमच्या आधीच पडलेलं आहे.

आता जाड कागद. या यंत्रांतलं पातं कात्रीसारखं दोन्हीकडून चावत नाही, ते कागदावरून ओढलं जातं. त्याचं टोक फिरत्या दांड्याच्या मध्यापासून किंचित बाजूला असतं, त्यामुळे दांडा पुढे जातो आणि टोक त्याच्या मागून फरपटत येतं. सरळ रेघेत हे जाणवत नाही. कोपरा आला की टोकाला जागच्या जागी वळावं लागतं, आणि चौपडीला तर कोपरेच कोपरे. वेग जास्त असेल तर तिथे कागद चुरगळतो किंवा कोपरा गोल होतो. म्हणून वेग निम्म्यावर आणा. दाब मात्र एकदम वाढवू नका. दोनशे-अडीचशे जीएसएमचा कार्डपेपर एका फटक्यात कापायला गेलं की पातं मॅटमध्ये रुततं, मॅटवर चर पडतात आणि पुढचा प्रत्येक कागद त्या चरांवर हलतो. मध्यम दाबाने त्याच रेघेवरून दोनदा फिरवलेलं केव्हाही बरं. पाती साधारण दोन कोनांची मिळतात : पातळ मालाला ४५ अंशांचं, जाड मालाला ६० अंशांचं. जाड कागदाची हौस असेल तर दुसरं घेऊन ठेवा. आणि कागदाचं पातं कागदालाच वापरा. रेडियमच्या दुकानातलं चिकट विनाइल ज्या पात्याने कापलं, त्याच्या टोकाला गोंद धरतो आणि मग पातळ कागद ओरबाडला जातो. टोक साफ करायला अॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा करून त्यात पातं चार-सहा वेळा टोचतात. त्याने धार नवी होत नाही, अडकलेले तंतू आणि गोंद मात्र निघतो, आणि पुष्कळदा तक्रार तेवढीच असते.

प्रत्येक नव्या कागदावर चाचणी घ्यायचीच. त्याच कागदाच्या कोपऱ्यात नखाएवढा चौकोन आणि त्याच्या आत त्रिकोण कापून बघा. दोन्ही सुईने अलगद निघाले आणि मॅटवर नुसता ओरखडा दिसला, तर दाब बरोबर. त्रिकोणाची टोकं फाटली तर वेग कमी करा. चौकोन सुटतच नसेल तर थोडा दाब वाढवा किंवा आणखी एक फेरी मारा. यंत्रातल्या यादीत ‘कार्डस्टॉक’ असं नाव दिसलं म्हणून डोळे मिटून तेच निवडू नका. त्या नावामागचे दाबाचे आकडे परदेशी कागदांवर बेतलेले असतात. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात कार्डशीट म्हणून जे देतात, त्यात एकाच रंगाचे दोन ताव वेगवेगळ्या जाडीचे निघालेले मी पाहिले आहेत.

पतंगी कागदाची गोष्ट उलटी. तो कापताना फाटलाच नसावा, काढताना फाटला असावा. नवी मॅट फार चिकट असते. क्रिकटच्या मॅटमध्ये निळी कमी चिकट, हिरवी मधली आणि जांभळी सगळ्यात चिकट. पतंगी कागदाला निळीच हवी. ती नसेल तर हिरव्या मॅटवर सुती कापड दाबून उचला, असं पाच-सात वेळा केलं की चिकटपणा उतरतो. आणि काढताना कागद मॅटवरून ओढायचा नाही. मॅट पालथी घाला, कागद टेबलाला टेकू द्या आणि मॅट मागे वाकवत सोलून काढा. घरगुती यंत्राची एकच युक्ती सांग असं कोणी म्हटलं तर मी हीच सांगेन. निम्मं फाटणं तिथे थांबतं. पतंगी कागदाच्या खाली साध्या झेरॉक्स कागदाचा आधार कडेने हलका चिकटवून दोन्ही एकत्र कापले, तरी काम सोपं होतं. कापल्यावर झेरॉक्सचे तुकडे टाकून द्यायचे.

संजा येते पाऊस सरताना, हेही लक्षात घ्या. माळव्यात त्या दिवसांत हवा दमट असते, कागद ओल पितो, मऊ पडतो आणि पात्याखाली पिंजला जातो. सहा महिन्यांपूर्वी, उन्हाळ्यात, याच कागदावर याच दाबाने उत्तम काम झालं असेल, तर दोष मुलाच्या हाताचा नाही. कागद आडवा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि कापायच्या दिवशीच काढा. हातकागद वापरायचा मोह होईल. पुण्याच्या १९४० पासूनच्या हातकागद संस्थेमुळे आपल्याला त्याचं आकर्षण आहेच. पण त्यातले लांब तंतू पात्याला धरून बसतात. त्यावर मोठे, साधे आकार कापा, नक्षी नको. कागदाला धार असते, म्हणजे तंतूंची दिशा. तावाला हलकेच दोन्हीकडून वाकवून पाहिलं की ज्या बाजूने तो सहज वाकतो ती कळते. बारीक पट्ट्या त्या दिशेने ठेवल्या तर टिकतात.

चंद्र-सूर्य का पडले, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न. भिंतीवरच्या किलाकोटात प्रत्येक आकृतीला मागून भिंत धरते. कागद कोरून जाळी करायला गेलात की मागे कोणी नसतं, आणि तटबंदीच्या आतली प्रत्येक आकृती पाण्यातल्या बेटासारखी एकटी पडते. हाच प्रश्न मथुरा-वृंदावनच्या सांझी कलाकारांनी कित्येक पिढ्यांपूर्वी सोडवला. कृष्णमंदिरांत पितृपक्षातच सांझी मांडतात, कोरड्या रंगांची, कधी पाण्यावरही. तिच्यासाठी ते बारीक कात्रीने कागदाचे खाके कोरतात. त्यांच्या खाक्यात एकही आकृती सुटी नसते. मोराची मान वेलीला, वेल झाडाला, झाड चौकटीला टेकलेलं असतं. आणि ही टेकणी आधार म्हणून डोळ्यांत येत नाहीत, फांदी म्हणून, नदीची लाट म्हणून चित्रात मिसळून जातात. एका चित्रासाठी ते एकापेक्षा जास्त खाके करतात. एका खाक्यात जे टेकवता येत नाही, ते दुसऱ्यात. उज्जैनात अंकपाताजवळ सांदीपनी आश्रमात पुष्टिमार्गाच्या वल्लभाचार्यांची बैठक आहेच. पुष्टिमार्गी मंदिरांतली सांझी आणि तुमची शेणाची संजा या एकाच पंधरवड्यातल्या शेजारणी.

तेव्हा किलाकोटाला दोन रस्ते. पहिला जाळीचा : शिडी तटापासून चंद्रापर्यंत न्या, गाडीचं चाक तटाला टेकवा, पतली पेमाचा हात दरवाज्याला लागू द्या. टेकणी निदान दीड-दोन मिलिमीटर रुंद ठेवा, नाहीतर मॅटवरून सोलतानाच तुटतील. दुसरा थरांचा, आणि घरात नात असेल तर मी हाच सुचवेन. शेणाच्या रंगाचा जाड कागद खाली, त्यावर तटबंदी, मग एकेक आकृती वेगळी कापून डिंकाने चिकटवायची. म्हणजे मागे भिंत परत आली. कुठलंही चित्र स्कॅन करून यंत्राला देत असाल तर एक पथ्य पाळा. जाड पेनाने काढलेली रेघ यंत्राला दोन कडांची दिसते, म्हणून ते तिच्या दोन्ही बाजूंनी कापतं. शिवाय आपोआप गिरवलेल्या आकृतीत शेकडो बिंदू पडतात आणि प्रत्येक बिंदूशी पातं अडखळतं. इंकस्केप हा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या, त्यात आकृती निवडून ‘सिम्प्लिफाय’ केलं की बिंदू कमी होतात. आतल्या रेघा आधी, बाहेरची कड शेवटी असा क्रम लावा. कड आधी कापली गेली की कागद सैल पडतो आणि आतली नक्षी हलते.

राहिली अक्षरं. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर शिरोरेषेचा स्वतःचा तुकडा असतो आणि शेजारच्या तुकड्यावर तो थोडा चढलेला असतो. पडद्यावर ती एकसलग दिसते, यंत्र मात्र प्रत्येक तुकड्याची कड कापतं. शिवाय काही यंत्रांच्या सोबतच्या प्रोग्राममध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षर फुटतं. त्यामुळे मराठी तिथे टाइपच करू नका. इंकस्केपमध्ये टाइप करा, ‘पाथ’ मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ आणि मग ‘युनियन’ करा. सगळा शब्द एकच आकार होतो. मग तो एसव्हीजी म्हणून जतन करा. सिल्हूटच्या मोफत आवृत्तीला एसव्हीजी उघडता येत नसेल, तर तिच्यासाठी डीएक्सएफ करा. यंत्रात घेतल्यावर माप मात्र तपासा. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना आकार लहान-मोठा होतो.

‘संजाबाई’ भिंतीवर लटकवायचा सलग शब्द असेल तर अनुस्वाराचं टिंब सुटून पडणार. त्याला शिरोरेषेशी छोटा देठ द्या, किंवा ते खालच्या थरावर चिकटवा. पण हाच शब्द रांगोळीच्या छापासाठी कोरणार असाल तर सगळं उलटं होतं. टिंब म्हणजे नुसतं भोक, त्याची काळजी नाही. पडतात ते अक्षरांच्या पोटातले बंद तुकडे. ब च्या पोटात तिरकी रेघ आहे, म्हणजे तिथे दोन तुकडे. स च्या डोक्याखालची जागाही शिरोरेषेने बंद होते. या तुकड्यांना अक्षराच्या अंगातून एकेक पूल द्यावा लागतो. ‘महाकाल’ कोरणाऱ्यांना म आणि क असेच छळतात. ‘कुंभ’मधला भ मात्र त्रास देत नाही, त्याच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते. फॉन्ट जाड, पण पोटात मोकळा निवडा. एकटाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ दोन्ही मोफत मिळतात आणि चांगले कापले जातात. त्यांचाच ‘मोदक’ दिसायला फार लोभस आहे, पण त्याच्या पोटातल्या फटी इतक्या बारीक की बोटाएवढ्या अक्षरात पातं तिथे वळूच शकत नाही. वीतभर उंचीचं अक्षर असेल तरच तो घ्या.

आता सासूबाई. त्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. संजा रोज बदलते, रोज मोडते आणि पुन्हा होते. यंत्राने पौर्णिमेलाच सोळा आकृत्या कापून फोल्डरमध्ये ठेवल्या तर त्या पंधरवड्याचं काही उरत नाही. पण भिंत नाही म्हणून संजाच नाही, हेही मला मान्य नाही. तेव्हा यंत्राकडे फक्त तट आणि चौकटी द्या. डोकरा-डोकरी नातीला कात्रीने कापू द्या, वाकडी होतील ती होऊ देत. आणि पाकळ्या खऱ्याच लावा. गुलतेवडी मिळाली तर उत्तम, तिचा रंग गडद कागदावर उठून दिसतो. पाकळीला डिंक थोडाच लावा, ओल्या डिंकाने खालचा कागद फुगतो आणि दुसऱ्या दिवशीचा थर नीट बसत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, ती सांगतो. किलाकोट सजवायला चमचमती पन्नी लावायची रीत आता रूढ झाली आहे, आणि यंत्र आल्यावर विनाइलही हाताशी असतंच. अमावास्येला ही संजा तुम्ही शिप्रेत सोडणार असाल तर पन्नी आणि विनाइल दोन्ही वगळा, त्यांत प्लास्टिक असतं. पाण्यात द्यायचा थर निव्वळ कागद, डिंक आणि फुलांचा ठेवा. चमक हवीच असेल तर पन्नीची तटबंदी वेगळ्या पुठ्ठ्यावर लावून मागे उभी करा. सणानंतर ती मॅटसोबतच सपाट ठेवून द्या. मॅट ठेवण्याआधी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, कापडाने न पुसता हवेवर वाळवा आणि तिचा पारदर्शक कागद परत लावा, म्हणजे पुढच्या भाद्रपदात ती कामाला येईल.