‘मुंबईला’, ‘मुंबईत’, ‘मुंबईचा’ : स्थलांतरिताचे दैनंदिन जीवन आणि विभक्ती

प्रास्ताविक

जालना जिल्ह्यातील मंठा किंवा परतूर तालुक्यातील एखाद्या घरी मुलाची चौकशी केली, तर ‘पोरगा मुंबईला असतो’ असे उत्तर सहज मिळते. ‘राहतो’ न म्हणता ‘असतो’ का म्हटले जाते? या लहानशा भेदावरून महानगरात परके असणाऱ्याचे रोजचे जगणे कसे समजून घ्यावे, हे आपण या पाठात पाहू.

पार्श्वभूमी

जालना हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी, १९७२ च्या दुष्काळात, मराठवाड्यातील अनेक कुटुंबे मजुरीच्या शोधात मुंबई-पुण्याकडे गेली. मीटरगेज लोहमार्गामुळे त्या वेळी मनमाडला गाडी बदलावी लागे. आज जालन्याहून मुंबईला थेट गाडी जाते. प्रवास सुकर झाला, तरी परकेपण तेवढ्याने सरत नाही.

विवेचन

(१) मुंबईला असतो : येथे ‘-ला’ हा प्रत्यय रूपाने चतुर्थीचा, पण अर्थ अधिकरणाचा आहे. या वाक्यातील माणसाचे ‘घर’ गावीच असते. मुंबईत असते ती ‘खोली’, तीही चौघांत वाटून घेतलेली. पहाटे नाक्यावर उभे राहावे, काम मिळाल्यास दिवस भरावा, रात्री खानावळीत जेवावे, महिनाअखेरीस गावी पैसे पाठवावेत. वर्षाची मोजणी मात्र पेरणी, पोळा आणि कापूसवेचणी यांवरूनच होते.

(२) मुंबईत राहतो : पत्नी-मुले आली, शिधापत्रिका झाली, मुलांची नावे शाळेत घातली, की ‘राहतो’ हे क्रियापद येते. बोलीही बदलू लागते. चारचौघांत ‘काहून’ ऐवजी ‘का’ येतो. गावाहून फोन आला, की ‘काहून’ परततो.

(३) मुंबईचा : षष्ठी संबंध सांगते. आधीची दोन वाक्ये माणूस स्वतःपुरती बोलू शकतो. हे तिसरे मात्र इतरांनी मान्य करावे लागते. भाड्याची खोली शोधताना विचारलेले ‘मूळचे कुठले?’ आणि ‘आडनाव काय?’ हे प्रश्न ती मान्यता रोखून धरतात. दुबई किंवा सिंगापूरला ‘असणाऱ्या’ मराठी कुटुंबाच्या बाबतीत हीच अट परवान्याच्या रूपाने येते.

हा भेद व्याकरणाचा काटेकोर नियम नव्हे. ‘मुंबईला राहतो’ असेही बोलले जाते. तरीही वापरातील कल अर्थपूर्ण आहे.

साहित्यातील प्रत्यय

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतील निवेदक रेल्वेतील नोकरीसाठी गुजरातेत जातो. तेथे निवारा मिळवताना जात आड येते, आणि ती लपवल्याची किंमत त्याला मोजावी लागते. गावकुसाबाहेर ठेवणारी व्यवस्था नव्या ठिकाणीही त्याची पाठ सोडत नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात गाव आणि मुंबई ही दोन्ही जगे आहेत. तेथे ‘आपले’ ठिकाण कोणते, या प्रश्नाला सोपे उत्तर मिळत नाही. म्हणून अशा कृती वाचताना पात्राच्या तोंडी ‘घर’ हा शब्द कोणत्या जागेसाठी येतो, हे आवर्जून पाहावे.

स्वाध्याय

तुमच्या परिचयातील, किंवा तुमच्याच कुटुंबातील, एका स्थलांतरित व्यक्तीशी बोला. तिच्या बोलण्यातील ‘घर’, ‘खोली’, ‘गाव’, ‘असणे’ आणि ‘राहणे’ या शब्दांची वाक्ये नोंदवा. वरील तिन्हींपैकी कोणते वाक्य ती स्वतःविषयी वापरते आणि कोणते टाळते, हे १५० शब्दांत लिहा. तुम्ही स्वतः परगावी राहून हा अभ्यासक्रम करत असाल, तर स्वतःचीच वाक्ये तपासा.