कबाबातील मांस : पोषणमूल्य व दक्षता

कबाब हा पदार्थ आपल्याकडे चवीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या पोषणमूल्याचा विचार मात्र क्वचितच होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. ज्या कुटुंबांत मांसाहार केला जातो, त्यांनी या दृष्टीने मांसाचे मोल जाणून घेणे अगत्याचे आहे.

बकऱ्याच्या १०० ग्रॅम कच्च्या, कमी चरबीच्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. धान्ये व पालेभाज्या यांतील लोहापेक्षा मांसातील लोह शरीरात अधिक सुलभतेने शोषले जाते. रक्तनिर्मितीस आवश्यक असलेले ब-१२ जीवनसत्त्वही मांसातून मिळते; वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसतेच.

शामी कबाब या संदर्भात विशेष उल्लेखनीय होय. त्यात खिमा व हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून वाटली जाते. डाळीमुळे थोडे मांस अधिक जणांना पुरते, तर मांसामुळे डाळीतील लोहाच्या शोषणास साहाय्य होते. वर पिळलेले लिंबूही त्यास पूरक ठरते. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र या शोषणात अडथळा आणतो.

तथापि प्रत्येक कबाब सारखाच पौष्टिक नसतो. सीख कबाब मऊ राहावा म्हणून खिम्यात चरबी मिसळतात. तळल्याने स्निग्धांश आणखी वाढतो. मांसाच्या पृष्ठभागावरील जंतू खिमा करताना आतपर्यंत पोहोचतात. म्हणून कबाब आतूनही ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजणे आवश्यक असते. केवळ बाहेरचा रंग पाहून भागत नाही. दुसरीकडे, निखाऱ्यांवर काळा पडलेला भाग अपायकारक असतो. तो काढून टाकावा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केला आहे. तेव्हा प्रमाण राखणे इष्ट.

रक्तक्षयावर वैद्यकीय सल्ल्याने मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांना कबाब हा पर्याय नव्हे. तो आहाराचा एक घटक आहे. शिक्षकांनी ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी. आठवडी बाजारातील मांस झाकलेले असावे, सुरी व ठोकळा स्वच्छ असावा आणि हात धुण्यास पाणी मिळावे, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष पुरवावे. पौष्टिक अन्न निर्मळ असेल, तरच ते अंगी लागते.